सुबरावची सारखी वाटणी

सुबराव डोणे वाटणी करायला बसला की बघत राहावं. लांडग्यानं फाडलेली मेंढी असू दे, नाहीतर शेतमालकानं दिलेलं जोंधळ्याचं पोतं असू दे, पाच घरांचे पाच ढीग असे पडायचे की कुणाला बोट दाखवायला जागा राहायची नाही. ढीग पडले की हा उठून लांब जायचा आणि तंबाखू मळत बसायचा. चौघांनी आपापला उचलला की मागं राहील तो त्याचा. एकदा मी त्याला म्हणालो, "आप्पा, तुमच्या वाटणीला कायम मानेचं हाडच कसं येतंय?" तर म्हणतो, "मान बी मेंढराचीच असतीया की रं."

बोरगावच्या वरच्या अंगाच्या माळावरची ही पाच धनगर घरं. मेंढरं ज्याची त्याची वेगळी, पण चालायची एकत्र, आणि रात्री एकाच वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात बसायची. तळ कधी हलवायचा, खतासाठी कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, हे ठरवतो तो कारभारी. सुबरावला कुणी निवडून दिलं नव्हतं आणि त्याला पाडायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आमच्याकडं सोसायटीच्या चेअरमनला एवढा मान नाही. का असावा?

हे लिहायचं कारण, सुबरावबद्दल निपाणीच्या बाजारात दोन गोष्टी बोलल्या जातात आणि दोन्ही खोट्या आहेत. एक, माणूस अडाणी, त्याला मेंढरं राखता आली नाहीत. दोन, सरकारनं औषध दिलं नाही. दुसरी गोष्ट माझ्या तोंडाला जास्त गोड लागली असती, मी तिच्यावर एक मोर्चा काढला असता. पण औषध मिळालं होतं. मी स्वतः भांडून आणलं होतं.

आधी जंताचं सांगतो. शहरातल्या माणसाला वाटतं, धनगराचा वैरी लांडगा. लांडगा एक मेंढरू नेतो आणि कुत्री भुंकून सांगतात तरी. जंत भुंकू देत नाही. लेंडीतून त्याची अंडी रानात पडतात, ओलीत फुटतात, बारीक किडा गवताच्या पात्यावर चढून बसतो. मेंढरू ते पातं खातं आणि आपल्याच पोटात वैरी घेऊन घरी येतं. हा किडा आतून रक्त पितो. मेंढरू चरतं, रवंथ करतं, आणि तरीही आतून रिकामं होत जातं.

जुन्या माणसांना हा किडा ठाऊक नव्हता. पण ओल्या जागेला मेंढरू धरू नये, एवढं त्यांना ठाऊक होतं. म्हणून मिरगाच्या आधी तळ उठायचा आणि पूर्वेला जायचा. रायबाग ओलांडून अथणीच्या अंगाला कोरडे माळ होते, गवत आखूड, ऊन कडक. पडलेली लेंडी दोन दिवसांत वाळून राख. दिवाळीच्या सुमाराला परत यायचं आणि इकडच्या तंबाखूच्या रानात बसायचं. सुबरावच्या बापानं हे केलं, सुबरावनंही केलं.

औषध आमच्याच काळात आलं. जनावरांच्या दवाखान्यात जंताचं पांढरं औषध यायचं, पण धनगर रांगेत पोचेपर्यंत संपलेलं असायचं. तिथला माणूस कन्नडमधून म्हणायचा, उद्या या. उद्या येणारा माणूस दहा कोस लांब माळावर असतो, हे त्याला कोण सांगणार? मी सांगितलं. जरा मोठ्यानं सांगितलं, मराठीत सांगितलं, मग कन्नडमधूनही सांगितलं, टेबलावरची घंटी खाली पडली तेव्हा ती मी पाडली असंही लोक म्हणतात. त्यानंतर दरवर्षी औषध मिळायला लागलं. एका घराच्या मेंढरांना पुरेल एवढं. पाच घरांना नाही.

सुबरावनं काय केलं असेल? पाच तांबे ओळीनं मांडले आणि वाटून टाकलं. पाचव्या तांब्याला थेंब कमी वाटला तर पहिल्यातला थेंब काढून घातला. मग ज्यानं त्यानं आपल्या मेंढरांना पाजलं. प्रत्येकाला एक टोपण. एडक्याला एक टोपण, गाभण मेंढीला एक टोपण, कोकराला अर्धं.

"एवढंच पुरतंय व्हय?" मी विचारलं होतं.

"सगळ्यांस्नी मिळालं न्हवं?" सुबराव म्हणाला. "एकीला पाजलं आन् दुसरीला न्हाय पाजलं, तर दुसरी काय म्हणंल?"

त्याची बायको अंबुबाई मेंढीचा जबडा धरून बसली होती. ती म्हणाली, "काय म्हणत न्हाय. तोंड कडू झालं न्हाय म्हणून खुश हुईल." सगळे हसले. मीही हसलो. मेंढरं त्या वर्षी बरी दिसली. हागवण थांबली, लोकरीला चमक आली. पुढच्या वर्षी तसंच, त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. जे चालतंय ते कोण बदलतो?

मग ते वर्ष आलं. मिरगाच्या आधी सुबरावनं आण्णाप्पाला आणि मष्णूला पूर्वेकडं रान बघायला पाठवलं. आण्णाप्पाचं घर दुसरं, जीभ पहिली. मष्णू तसा गप्प माणूस. दोघं मोटारसायकलवरून गेले आणि उतरल्या तोंडानं परत आले.

"आप्पा, तिकडं निस्ता ऊस हाय," आण्णाप्पा म्हणाला. "जिथं तुमी लगीन झाल्यावर पैला तळ टाकलासा म्हणतासा, तिथं बी ऊस. नदीचं पाणी वर नेलंय. उसात मेंढरू घुसलं तर मालक मेंढराला मारत न्हाईत, आपल्याला मारत्यात."

"आन् पलीकडचा माळ?"

"त्येला तारंचं कुंपण. आत काचंच्या फळ्या, ऊन खात्यात म्हणं. ऊन बी आता त्येंचंच."

सुबराव त्या दिवशी जेवला नाही, असं अंबुबाई सांगते. दुसऱ्या दिवशी त्यानं निकाल दिला: या पावसाळ्यात तळ हलणार नाही. कॅनॉलच्या कडेनं चरायचं. कॅनॉलच्या बांधाचे त्यानं पाच तुकडे केले आणि खालचा, पाणी पाझरणारा, गुडघाभर हिरव्या गवताचा तुकडा स्वतःला घेतला. कारण तोच कुणी घेतला नसता. गवत लुसलुशीत होतं, पण त्या गवतात दिवसभर पाय वाळत नव्हते, ना माणसाचे, ना मेंढराचे.

पाऊस लागला तो थांबेना. सुबरावच्या मेंढ्या त्याच दिवसांत व्यायल्या. व्यालेली मेंढी आधीच अर्धी झालेली असते, तिच्या पोटात जंत मातला की ती उरत नाही. पहिल्यांदा चांदी नावाच्या मेंढीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. सकाळी लहान, चरून आली की मोठी. अंबुबाईनं दाबून बघितली तर बोटाचा खड्डा तसाच राहिला. मग मोरीला. मग बांडीला. दवाखान्याचं पांढरं औषध होतं, ते वाटून पाजलं. काही झालं नाही. पुन्हा मिळवलं, पुन्हा पाजलं. चांदी मेली. तिचं कोकरू दोन दिवस दुसऱ्या मेंढ्यांच्या मागं लाथा खात फिरलं आणि तेही मेलं.

मला फोन आला तेव्हा माझं डोकंच फिरलं. औषध पाण्याचं आहे, मुदत संपलेलं आहे, कुणीतरी खाल्लं आहे, असं सगळं मनात धरूनच मी चिकोडीच्या बाजूला नव्यानं आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या दारात उभा राहिलो. प्रियदर्शनी त्यांचं नाव, खानापूरकडच्या शेतकऱ्याची पोर. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं भांडण झालं असेल तर गाडी काढा. मेंढी बघायची आहे."

तळावर एक मेंढी नुकतीच मेली होती. बाईंनी हातमोजे चढवले, पोट फाडलं आणि आतलं एक पोट उलटं करून सुबरावच्या पुढं धरलं. आत केसासारखे बारीक, लालसर किडे वळवळत होते, इतके की कातडी दिसत नव्हती.

"मामा, किती औषध पाजता एका मेंढीला?"

"एक टोपण."

"हिला चार लागलं असतं." बाईंनी बाटली हातात घेतली. "तुम्ही दरवर्षी किड्याला थोडं थोडं औषध दिलंत. कमजोर किडे मेले, दांडगे राहिले. त्यांची पिल्लं दांडगी. आता हे औषध त्यांना पाण्यासारखं आहे. सगळ्या कळपात तेच किडे आहेत."

सुबरावनं एकच विचारलं. "म्हंजी मी वाटलं नसतं तर?"

बाईंना त्याच्या वाटणीचं काही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "ज्यांना लागतं त्यांना पुरं द्यायचं, ज्यांना लागत नाही त्यांना द्यायचंच नाही. तसं केलं असतं तर आजही हे चाललं असतं."

मी सुबरावच्या तोंडाकडं बघितलं नाही. बघवलं नसतं.

बाईंच्या पिशवीत दुसऱ्या जातीचं औषध होतं. त्यांनी ते कुठून कुठून गोळा केलं होतं आणि ते विसेक मेंढरांना पुरणार होतं. पुन्हा कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं. त्यांनी सगळी मेंढरं एकेक करून पुढं घ्यायला लावली. मेंढीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढायची आणि आतला रंग बघायचा. लाल असेल तर सोडून द्यायची. कागदासारखी पांढरी असेल तर पाठीवर निळ्या रंगाची रेघ मारायची. दुपार कलेपर्यंत हे चाललं. एकवीस मेंढरांवर रेघ आली. एकवीसमधली सतरा सुबरावची. तीन मष्णूची, एक दुसऱ्या घरची. आण्णाप्पाच्या मेंढरांच्या पापण्या लाल होत्या, वरच्या कोरड्या तुकड्यावर चरलेल्या.

"फक्त रेघवाल्यांना," बाई म्हणाल्या. "पिचकारीत इथपर्यंत भरायचं. एक थेंबसुद्धा कमी नको. समजलं ना मामा? वाटायचं नाही."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चिकोडीच्या अलीकडं एका म्हशीचं रेडकू अडलं होतं. मी त्यांना गाडीवर घेऊन निघालो. पुढचं मला मष्णूनं आणि अंबुबाईनं वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचं जुळतं.

आम्ही निघालो तेव्हा बाटली सुबरावच्या हातात होती. पाची घरं उभी होती. आण्णाप्पानं तोंडातली पिंक टाकली आणि हसत म्हणाला, "कारभारी, चांगला मेळ घातलासा की! बाई बी तुमच्याच, बाटली बी तुमचीच, आन् मेंढरं बी तुमचीच. आमच्या मेंढरांची पापणी लाल निघाली, आमचंच चुकलं. उद्या आजारी पाडून आणतो."

सगळे हसले. आण्णाप्पाचं बोलणं तसंच असतं, मनात काही नसतं, असं मष्णू म्हणतो. मला मष्णूवर विश्वास आहे, आण्णाप्पावर नाही.

सुबराव हसला नाही. तो खाली बसला. अंबुबाईला म्हणाला, "तांबे आण."

"कशाला तांबे?"

"आण म्हणतोय न्हवं."

"अवो, बाई काय म्हणली ऐकलं न्हाय? वाटायचं न्हाय म्हणली ती! मोरी उभी ऱ्हात न्हाय, बगा तिच्याकडं. आण्णाप्पाच्या एडक्याला कशाला पायजे? त्यो भिंत पाडंल एवढा हाय."

"आजपतुर ह्या तळावर मी एकट्यानं कंदी कायबी घेतलंय?"

"त्ये मटण हुतं. त्ये जोंधळं हुतं. ह्ये औषध हाय!"

आण्णाप्पाही घाबरला म्हणे. "आप्पा, मी गमतीनं बोल्लो. मला नगं. तुमचं तुमी पाजा."

"तुला नगं असंल तर ओतून टाक," सुबराव म्हणाला. "पर माझ्या हातनं सतरा माझी आन् एकबी तुझं न्हाय, असं व्हणार न्हाय. उद्या मेंढरं जगतील, पर लोकं म्हणतील, कारभाऱ्यानं आपली वाचीवली."

पाच तांबे आले. औषध पाच जागी पडलं. आण्णाप्पानं आपलं ओतून टाकलं नाही. घरी नेऊन आपल्या लाल पापणीच्या मेंढरांना पाजलं, कारण मिळालेलं औषध फेकायचं कुणाच्या जिवावर येतं? मष्णूनं आपल्या वाट्यातलं निम्मं सुबरावला परत द्यायला नेलं तर सुबरावनं त्याला दारातूनच हाकललं. स्वतःच्या वाट्याला आलेलं त्यानं सतरा मेंढरांत सारखं पाजलं.

अंबुबाईनं तेवढ्यातूनही चोरी केली. मोरीला तिनं नवऱ्याची पाठ असताना आणखी अर्धी पिचकारी पाजली. तीही मेली, पण सगळ्यांत शेवटी मेली.

मेंढरू जंतानं मरतं तेव्हा ओरडत नाही. कळपाच्या मागं राहायला लागतं. मग बसायला लागतं. मग मान जमिनीला लागते आणि ते तसंच डोळे उघडे ठेवून बसतं. सुबराव प्रत्येकाला उचलून वाळल्या जागेवर नेऊन ठेवायचा, आणि वाळली जागा कुठं होती? सगळीकडं चिखल. घोंगडं पसरून त्यावर ठेवायचा. पाऊस घोंगड्यावरही पडायचा. सतरापैकी एकही राहिलं नाही. मग ज्यांच्यावर रेघ नव्हती त्यांच्या पापण्याही पांढऱ्या व्हायला लागल्या, कारण मेलेल्यांच्या लेंड्या त्याच गवतात पडल्या होत्या आणि तिथंच ती चरत होती.

बाई पुन्हा आल्या तेव्हा मी बरोबर होतो. रिकाम्या वाघरीकडं बघून त्या म्हणाल्या, "मामा, मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं हुतं."

"मग?"

सुबराव चिखलातलं घोंगडं उचलून पिळायला लागला. बाई चिडल्या. मी चिडलो ते त्यांच्यावर नाही, त्याच्यावर. "आप्पा, कुणी मागितलं होतं तुमच्याकडं? आण्णाप्पा नको म्हणत होता! कुणासाठी केलंत?" मी हात वर करून करून बोलत होतो. तो मला तसं बोलू देत होता, पावसात उभं राहून, जसं काही मी दुसऱ्याच कुणाला बोलतो आहे. शेवटी म्हणाला, "तुला ठावं न्हाय. तू तळावर ऱ्हायला न्हाईस."

मी ऑफिसांशी भांडून मोठा झालो, तिथं नियम मोडणारा माणूस सापडतो आणि त्याची कॉलर धरता येते. सुबरावनं नियम मोडला असता तर त्याची मेंढरं जगली असती. त्यानं तो पाळला. आता कॉलर कुणाची धरू?

धनगरांत एक रीत आहे. एखाद्याची वाघर रिकामी झाली तर तळावरचं प्रत्येक घर त्याला एक मेंढी देतं, पुन्हा सुरुवात करायला. गाभण मेंढी, निवडून. सुबरावनं आयुष्यात अशा कितीतरी मेंढ्या दुसऱ्यांच्या दारात नेऊन बांधल्या. त्याच्या दारात कुणी आलं नाही. मष्णूकडं द्यायला उरलं नव्हतं. बाकी दोन घरांनी कळप विकून टाकला होता. आण्णाप्पाचा कळप थोडाफार शाबूत होता, पण जबड्याखाली पाणी दिसायच्या आत त्यानं तो चिकोडीच्या बाजारात उभा केला आणि खाटकाला देऊन मोकळा झाला. शहाणपणाच केला म्हणायचं. त्यानंतर तो सुबरावच्या घरावरून जाताना मोटारसायकलचा वेग वाढवायचा.

"एक मेंढी द्यायला काय झालं होतं त्याला?" मी सुबरावला विचारलं.

"देऊन काय व्हणार हुतं? आजारीच दिली असती," सुबराव म्हणाला. अजूनही त्याचीच बाजू घेत होता. "आन् चारायची कुठं?"

अंबुबाई आता निपाणीत तंबाखूच्या वखारीत जाते. तिच्या हाताला तंबाखूचा वास येतो आणि तिला तो सहन होत नाही. नवऱ्याशी बोलते, पण मेंढरांचं नाव काढत नाही. एकदाच मला म्हणाली, "मोरीला आदीच पुरी पिचकारी पाजली असती तर?" मी म्हणालो, "वाचली असती." खोटं बोलायला हवं होतं की नको, ते मला ठरवता आलं नाही.

सुबराव मच्छे गावाच्या पुढं एका बड्या माणसाच्या मेंढीपालन शेडवर कामाला आहे. मी त्याला भेटायला गेलो. शेड दोन पुरुष उंच, जमिनीपासून वर उचललेलं, खाली फटी असलेल्या फळ्या. लेंड्या फटीतून खाली पडतात आणि एक पट्टा त्या ओढून नेतो. मेंढरं गव्हाणीत कापलेला चारा खातात. पांढरीशुभ्र, तांबूस डोळ्यांची, दुसऱ्या मुलखातून आणलेली. जन्मल्यापासून त्यांनी गवताला तोंड लावलेलं नाही. भिंतीवर प्रत्येकीचं वजन लिहिलेलं असतं, आणि कुणाला काही झालं तर डॉक्टर वजन बघून तिला एकटीला औषध देतो.

"हितं जंत न्हाय," सुबराव म्हणाला. त्याच्या अंगावर निळा शर्ट होता, खिशावर कंपनीचं नाव. "मेंढराचा पाय भुईला लागत न्हाय. जंत येणार कुठनं?"

"बरं आहे की मग, आप्पा."

"व्हय. बरं हाय."

मी त्याच्याशेजारी उभा राहिलो. मेंढरं खात होती, एका रांगेत, सारखी. मी विचारलं, "नावं ठेवलीत का एखादीला?"

"न्हाय. कानात नंबर हाय त्येंच्या." मग म्हणाला, "माझ्याकडं बगत न्हाईत ही. मी आत आलो की चारा आला असं बगत्यात, मला न्हाय."

पट्टा सुरू झाला. फळ्यांखालून लेंड्या पुढं सरकायला लागल्या. आवाज मोठा होता, बोलणं ऐकू येईना. सुबरावनं हातानं मला जायची खूण केली, कारण साहेबाची गाडी आत येत होती आणि बाहेरच्या माणसाला शेडमध्ये उभं राहायची परवानगी नव्हती. बुटाला बाहेरचा चिखल असतो, त्यातून रोग येतो, असं दारावर लिहिलं होतं, मराठीत आणि कन्नडमध्ये. मी बाहेर आलो.